‘कोणाला सांगणार नाही ना?’ : समुपदेशकाच्या शिक्षणात कायदा कशाला?

समुपदेशनाच्या एम.ए.ला आलेल्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या तासाला पुस्तक उघडू देत नाही. एक प्रसंग सांगते. नववीतली मुलगी तुमच्यासमोर येऊन बसली आहे. दप्तराच्या पट्ट्याशी तिचा चाळा चालला आहे. बराच वेळ गप्प राहून ती म्हणते, “मॅडम, एक सांगायचंय. पण कोणाला सांगणार नाही ना?” काय उत्तर द्याल?

वर्ग जवळजवळ एका सुरात म्हणतो, “नाही सांगणार गं, बोल तू.”

या उत्तरात माया आहे, आणि ती मला त्यांच्यात हवीच आहे. तरी हे उत्तर देऊन चालत नाही. पाच मिनिटांनी ती मुलगी असं काही सांगू शकते, जे पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. मग दिलेला शब्द मोडण्यावाचून समुपदेशकापुढे रस्ता उरत नाही. एका मोठ्या माणसाने विश्वास मोडला म्हणून ती बोलायला आली होती. आता दुसऱ्यानेही मोडला.

‘समुपदेशनातील कायदा आणि नीती’ या पेपरचं सारं सार त्या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे. आणि हा प्रश्न आता समुपदेशन शिकणाऱ्यांपुरता राहिलेला नाही. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, ही त्यांतली एक. पट कमी असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. शाळा, कॉलेज, कोचिंग क्लास, वसतिगृह, सगळे यात आले. त्यामुळे मुख्याध्यापक विचारतात, “समुपदेशकाला कळलेलं आम्हाला कळायला हवं की नको?” पालक विचारतात, “आमच्याच पोराचं आमच्यापासून लपवणार?” दोघांचंही विचारणं रास्त आहे.

बांध आणि पीक

आधी दोन शब्द वेगळे करू. कायदा म्हणजे मोडला तर शिक्षा होईल असा नियम. नीती, म्हणजे व्यावसायिक नीती, ही त्या व्यवसायातल्या माणसांनी स्वतःवर घालून घेतलेली शिस्त.

शेतकऱ्याच्या घरातले विद्यार्थी वर्गात असले की मला समजावणं सोपं जातं. कायदा हा शेताचा बांध आहे. बांधापलीकडे नांगर घातलात तर भांडण, मोजणी, कोर्ट. पण बांधाच्या आत काय पेरायचं, पाणी कधी द्यायचं, तण कधी काढायचं हे बांध सांगत नाही. बांध न कोरताही शेत पडीक ठेवता येतं. समुपदेशकाचंही तसंच. एकही कलम न मोडता तो समोरच्याचं नुकसान करू शकतो.

नीतीची तत्त्वं तशी मोजकी आहेत. समोरच्याचा निर्णय त्याचा असू द्या. त्याचं नुकसान करू नका. त्याचं भलं पाहा. सर्वांना सारखा न्याय द्या. दिलेला शब्द पाळा. वाचायला पाठ्यपुस्तकातल्या सुविचारांसारखी वाटतात. अडचण येते ती दोन तत्त्वं एकमेकांसमोर उभी राहतात तेव्हा. दिलेला शब्द पाळायचा तर मुलीचं नुकसान होतंय आणि नुकसान टाळायचं तर शब्द मोडतोय. अशा वेळी सुचेल ते करण्यापेक्षा कसा विचार करायचा, हे शिकवावं लागतं.

‘सांगू शकता’ आणि ‘सांगावंच लागतं’

गुप्तता हा समुपदेशनाचा पाया. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २३ मध्ये मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याच कलमात काही दारं उघडी ठेवली आहेत. दुसऱ्या कोणाला इजा होण्यापासून वाचवायचं असेल, जिवाला तातडीचा धोका असल्याचा पुरावा असेल, न्यायालयाचा किंवा कायद्याने नेमलेल्या प्राधिकरणाचा आदेश असेल, तर माहिती देता येते. दुसऱ्याला वाचवण्यासाठी दार उघडलं तरी ते सताड उघडायचं नाही. ज्या धोक्यापासून वाचवायचं आहे तेवढ्यापुरतीच माहिती बाहेर द्यायची. हे वाक्य विद्यार्थी हमखास विसरतात, म्हणून मी ते त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेते. मुलाला आत्महत्येचे विचार येताहेत हे आईला सांगायचं. त्याचं कोणावर प्रेम आहे ते सांगायचं नाही.

एक बारकावा. या कायद्यातल्या ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ या व्याख्येत मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोविकार क्षेत्रातले सामाजिक कार्यकर्ते येतात. नुसतं समुपदेशनाचं एम.ए. केलेल्याचा तिथे उल्लेख नाही. पण गुप्ततेचं कलम ‘आरोग्य व्यावसायिक’ असा रुंद शब्द वापरतं. ते आपल्याला लागू आहे असं धरूनच आम्ही शिकतो. कायद्याने पकडलं नाही तरी नीतीने पकडलेलंच आहे.

जिवाचा धोका म्हटलं की विद्यार्थ्यांना एक खटला वाचायला देते. १९६९ साली कॅलिफोर्नियात, बर्कलीच्या विद्यापीठात भारतातून शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याने आपल्या मानसशास्त्रज्ञाला सांगितलं की अमुक मुलीला मी मारणार. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं. पोलिसांनी त्याला थोडा वेळ ताब्यात घेऊन सोडून दिलं. त्या मुलीला मात्र कोणीच सावध केलं नाही, आणि तिचा खून झाला. तिच्या आईवडिलांनी दावा लावला. १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशा धोक्यात असलेल्या व्यक्तीला वाचवण्यासाठी वाजवी ती काळजी घेणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्य आहे. त्या मुलीच्या आडनावावरून जगभर हा ‘तारासॉफ खटला’ म्हणून शिकवतात. आपल्या न्यायालयांवर तो बंधनकारक नाही. तरी “मी वर कळवलं, माझं काम संपलं” असं म्हणून बाजूला होता येतं का, यावर वर्ग तासभर भांडतो. ते भांडण मला हवं असतं.

आत्महत्येबद्दल एक भीती अजून घराघरात आहे: “बोललो तर पोलीस केस होईल.” २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ ने असं धरायला सांगितलं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, म्हणून तिच्यावर खटला चालवायचा नाही. पुढे १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ गेलंच. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा उरला. हे पालकांना माहीत असेल तर मूल दवाखान्यात न्यायला कोणी कचरणार नाही.

आतापर्यंतची दारं ‘सांगू शकता’ या प्रकारची होती. पॉक्सोचं दार तसं नाही.

राजुऱ्याचं प्रकरण

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण कायदा, २०१२ म्हणजेच पॉक्सो. यात बालक म्हणजे १८ वर्षांखालची कोणतीही व्यक्ती. कलम १९ म्हणतं की असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं आहे किंवा घडेल अशी ज्याला धास्ती आहे, त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलंच पाहिजे. शेजारी, शिक्षक, डॉक्टर, समुपदेशक, सगळे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर कैद एक वर्षापर्यंत.

हे कलम कागदावरचं नाही, हे दाखवायला आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाले. वसतिगृहातल्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर, कळूनही पोलिसांना सांगितलं नाही, असा आरोप आला. उच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निकाल फिरवला आणि सांगितलं की माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि बहुतेक वेळा त्यातून अत्याचार करणाऱ्यालाच पाठीशी घातलं जातं. आरोप खरा की खोटा हे खटल्यात ठरेल. न कळवण्याबद्दलची चौकशी सुरुवातीलाच थांबवता येणार नाही.

विद्यार्थी विचारतात, “पण मॅडम, मुलगी खोटं बोलत असेल तर?” खरंखोटं ठरवणं हा तपास आहे आणि तो पोलिसांचा. तुम्ही सद्हेतूने कळवलं असेल तर त्याबद्दल तुमच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, हेही कलम १९ मध्येच आहे. खरं तर तुम्ही फार खोलात शिरून प्रश्न विचारले तर मुलीच्या तोंडी तुमचेच शब्द बसतात आणि पुढे न्यायालयात तिचीच बाजू लंगडी पडते. ऐका, तिच्याच शब्दांत लिहून ठेवा, तारीख-वेळ टाका, थांबा.

कळवणं म्हणजे मुलीला पोलीस चौकीत ओढत नेणं असंही नव्हे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही. चोवीस तासांत पोलिसांनी बाल कल्याण समितीला कळवायचं. हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. समुपदेशकाला ते तोंडपाठ हवं, कारण घाबरलेल्या आईला हे सांगणारं तिथे दुसरं कोणी नसतं.

सतरा वर्षांच्या प्रेमाचं काय?

हा वर्गातला सगळ्यात अवघड तास. अकरावी-बारावीतली दोन मुलं, स्वखुशीने जवळ आलेली. पॉक्सोमध्ये १८ खालच्या व्यक्तीच्या संमतीला किंमत नाही. म्हणजे मुलगी “माझ्या इच्छेने” म्हणाली तरी कायद्याच्या नजरेत गुन्हा, आणि समुपदेशकावर कळवण्याचं बंधन.

२९ सप्टेंबर २०२२ ला गर्भपाताच्या हक्कावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना थोडी सवलत दिली. अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही. पण ती सवलत गर्भपात करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरांपुरती आहे, समुपदेशकापर्यंत पोचत नाही. माझं मत विचाराल तर या वयातल्या स्वखुशीच्या नात्यांसाठी कायद्याने वेगळी वाट करायला हवी. वर्गात मी ते लपवत नाही, पण त्याच दमात हेही सांगते की कायदा बदलायला हवा असं वाटणं आणि तो बदलला आहे असं वागणं यांत फरक आहे.

मग मुलं बोलतीलच कशाला?

आक्षेप खरा आहे. मर्यादा आधीच सांगितल्या तर काही मुलं गप्प बसतील. काही त्या दिवशी बोलणार नाहीत आणि पंधरा दिवसांनी परत येतील. पण खोटा शब्द देऊन बोलतं केलेल्या मुलाला फसवलं गेल्याचं कळतं, तेव्हा त्याचा समुपदेशन या गोष्टीवरूनच विश्वास उडतो. वर्गमैत्रिणींना ते सांगतं ते वेगळंच.

म्हणून पहिल्या भेटीची पहिली दहा मिनिटं मर्यादांसाठी ठेवायची. याला माहितीपूर्ण संमती म्हणतात: इथे काय होणार, काय कुठे लिहिलं जाणार, कोणतं कोणाला कळू शकतं, हे समजून घेऊन दिलेला होकार. शस्त्रक्रियेआधी नातेवाइकांकडून न वाचताच सही घेतात, तसला कागद इथे उपयोगाचा नाही. समोरच्याला ‘तुझ्या शब्दांत परत सांग’ म्हणायचं. शाळेत तर ही बैठक तिघांची करावी: मुख्याध्यापक आणि पालकांनाही सुरुवातीलाच सांगायचं की काय कळेल आणि काय नाही. “लपवणार?” या पालकांच्या प्रश्नाला उत्तर तेव्हाच मिळतं: धोक्याचं काहीही लपणार नाही, बाकीचं मूल स्वतः सांगेल तेव्हा.

एचआयव्हीचा कायदा वाचावा तो यासाठी

कायदा कोरडा असतो असं म्हणणाऱ्यांना मी एचआयव्ही आणि एड्स कायदा, २०१७ चं कलम ९ वाचायला देते. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या जोडीदाराला ते सांगायचं का? हा कायदा ‘समुपदेशक’ असा स्पष्ट उल्लेख करून सांगतो की डॉक्टर किंवा समुपदेशक हेच सांगू शकतात, आणि तेही पायरीपायरीने. जोडीदाराला संसर्गाचा मोठा धोका आहे असं वाजवी कारणाने वाटलं पाहिजे. आधी त्या माणसाला स्वतः सांगण्यासाठी समुपदेशन केलं पाहिजे. तो सांगणार नाही याची खात्री पटली पाहिजे. मग “आता मी सांगणार आहे” असं त्याला कळवलं पाहिजे. आणि सांगितल्यामुळे मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी वाजवी भीती असेल, विशेषतः बाईच्या बाबतीत, तर सांगू नये. चांगला समुपदेशक जसा विचार करेल, नेमका तसाच इथे कायदा चालतो. बांध आणि पीक एका जागी आलेले मला इथे दिसतात.

कोर्टाचं समन्स

वकिलाला अशिलाने सांगितलेलं पुराव्याच्या कायद्याने झाकलेलं असतं. समुपदेशकाला तसं कवच नाही. घटस्फोटाच्या दाव्यात नवऱ्याच्या वकिलाने तुमच्या नोंदी मागितल्या आणि न्यायालयाने आदेश दिला तर द्याव्या लागतात. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांतल्या विवाह समुपदेशकांची गोष्ट निराळी. तिथे त्यांच्यापुढे झालेलं बोलणं नियमांनीच गोपनीय ठेवलं आहे. मुलाच्या ताब्याच्या वादात मात्र समुपदेशकाचा अहवाल न्यायालय पाहू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली म्हटलं.

यातून विद्यार्थी एक चुकीचा धडा घेतात: काही लिहायचंच नाही. नोंद नसेल तर तुम्ही काळजी घेतली होती हेही सिद्ध करता येत नाही. दुकानदार उधारीची वही लिहितो तशी नोंद लिहावी. व्यवहार तेवढा. “पतीचा स्वभाव संशयी” असं न लिहिता “पती फोन तपासतात असं त्या म्हणाल्या” असं लिहावं. उद्या ही वही भर कोर्टात वाचली गेली तर आपल्याला किंवा क्लायंटला, म्हणजे आपल्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या व्यक्तीला, मान खाली घालावी लागणार नाही ना, एवढं लिहिताना स्वतःला विचारावं.

फराळाचा डबा

जिथे एकही कलम मदतीला येत नाही, ती जागा मला सगळ्यात मोलाची वाटते. तालुक्याच्या गावी तुम्ही समुपदेशक आहात. जिची केस चालू आहे तीच बाई तुमच्या मुलीची वर्गशिक्षिका. किंवा दिवाळीत क्लायंटची आई फराळाचा डबा घेऊन दारात उभी. परदेशी पाठ्यपुस्तकं सांगतात की भेटवस्तू टाळाव्या आणि क्लायंटशी दुसरं कुठलंच नातं ठेवू नये. पुण्या-मुंबईत ते जमेल. पाच हजार वस्तीच्या गावात जमणार नाही; आणि चार चकल्या परत पाठवून तुम्ही त्या माउलीचा जो अपमान करता, त्याने बरं झालेलं बिघडतं.

मग निकष काय? मी विद्यार्थ्यांना तीन गोष्टी विचारायला सांगते. हे घेतल्याने उद्या मला तिला अप्रिय काही सांगणं जड जाईल का? यात गरज कोणाची भागते आहे, तिची की माझी? आणि हे मी माझ्या सुपरव्हायझरला, म्हणजे माझ्या कामावर देखरेख करणाऱ्या अनुभवी समुपदेशकाला, मोकळेपणाने सांगू शकेन का? चकल्या या तिन्हींतून पार होतात. सोन्याची अंगठी होत नाही. “मॅडम, माझ्या भावाला तुमच्या मिस्टरांच्या ऑफिसात चिकटवा” हेही होत नाही. लग्नात क्लायंट समोर आली तर आधी तिने ओळख दाखवावी, आपण नाही. आणि हे तिला पहिल्याच भेटीत सांगून ठेवावं.

पाटी कोणीही लावतो, मग एवढं कशाला?

हा प्रश्न विद्यार्थ्यांचाच असतो, थोड्या कडवटपणाने विचारलेला. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांच्या अनेक प्रकारांना २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी आरोग्य व्यवसाय कायद्याने यादीत घेतलं आहे. नोंदणी, किमान शिक्षण, गैरवर्तनाबद्दल कारवाई अशी चौकट त्यात आहे. ती चौकट पक्की होईपर्यंत क्लायंटला वाचवायला आपल्या शिस्तीपलीकडे फारसं काही नाही. म्हणूनच हा पेपर शेवटच्या सत्रात उरकायचा नसतो. मुलं प्रॅक्टिकलला शाळा-दवाखान्यांत जाण्याआधी तो झालेला असावा, असा माझा आग्रह असतो.

हे शिकवून येतं का?

संस्कार घरून येतात, मान्य. पण भांबावलेल्या क्षणी संस्कार सुचत नाहीत, सराव सुचतो. म्हणून कलमं पाठ करून घेण्यात मी फार वेळ घालवत नाही. ती फोनवर सापडतात. वेळ जातो तो सरावात. दोघंजण समोरासमोर बसतात, एक क्लायंट, एक समुपदेशक, बाकीचे बघतात. वर्षाच्या शेवटी पुन्हा तीच नववीतली मुलगी येते, तोच प्रश्न. बऱ्याच घोटवणीनंतर उत्तर साधारण असं होतं:

“तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. फक्त तुला कोणी त्रास देत असेल, किंवा तुझ्या नाहीतर आणखी कोणाच्या जिवाला धोका असेल, तर ते मला एकटीला ठेवता येणार नाही. तेव्हासुद्धा कोणाला सांगायचं, कसं सांगायचं, हे आधी तुझ्याशी बोलेन. तुझ्या पाठीमागे काही करणार नाही.”

यानंतर मुलीची भूमिका करणारीला मी सांगून ठेवलेलं असतं की लगेच बोलायचं नाही. पट्ट्याशी खेळत राहायचं. वर्ग श्वास रोखून बघतो. दहा सेकंद, पंधरा सेकंद. ती शांतता सोसवत नाही, आणि बरेच जण याच जागी घाईने म्हणून जातात, “बरं बरं, नाही सांगत कोणाला, बोल.” मग मी हात वर करते, आणि आम्ही पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करतो.